रिचमंड हिलचा घुमट आणि कुलाब्याची सुई

बेव्ह्यू अॅव्हेन्यूवरून रिचमंड हिलकडे जाताना सोळाव्या अॅव्हेन्यूच्या पुढे डाव्या हाताला झाडांच्या वर एक मोठा पांढरा घुमट दिसतो. आपल्यापैकी बरीच मराठी कुटुंबे या भागात राहतात आणि कामावर जाता-येता तो रोज पाहतात. भारतातून आलेल्या पाहुण्यांना तो कधी देवळाचा वाटतो, कधी पाण्याच्या टाकीचा. ती आहे डेव्हिड डनलॅप वेधशाळा. १९३५ साली ती सुरू झाली तेव्हा तिच्यातली दुर्बीण जगात दुसऱ्या क्रमांकाची होती. पहिला क्रमांक कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सनच्या शंभर इंची दुर्बिणीचा. काचेच्या आरशाची तिच्याहून मोठी दुर्बीण कॅनडाच्या भूमीवर आजही नाही. तरीसुद्धा २००८ साली टोरांटो विद्यापीठाने तिथले संशोधन थांबवले. आता ती रिचमंड हिल शहराची ऐतिहासिक वास्तू आहे, आणि आपण तिथे जातो ते शास्त्रज्ञ म्हणून नव्हे, तर प्रेक्षक म्हणून.

हा लेख लिहायला घेतला तो त्या एका घुमटापुरता. पण माहिती काढत गेलो तसा धागा टोरांटोतून थेट मुंबईच्या कुलाब्याला गेला, तिथून अलिबागला आणि पुण्याला. या सगळ्या ठिकाणी एकच प्रश्न पुन्हा पुन्हा समोर आला. ज्या शहराने वेधशाळा उभारली तेच शहर वाढत वाढत तिच्या दाराशी आले की पुढे काय होते? यंत्र उरते की काम उरते?

एक प्राध्यापक, एक वकील आणि एक धूमकेतू

टोरांटो विद्यापीठात खगोलशास्त्राचा विभाग जवळजवळ एकहाती उभा केला तो क्लॅरन्स ऑगस्टस चँट यांनी. त्यांच्याकडे विद्यार्थी होते, अभ्यासक्रम होता, पण दुर्बीण नव्हती. ती मिळवण्यासाठी ते वर्षानुवर्षे पैसे शोधत होते. १९२१ साली त्यांनी विनेकेच्या धूमकेतूवर एक जाहीर व्याख्यान दिले. श्रोत्यांमध्ये डेव्हिड डनलॅप नावाचे गृहस्थ होते. ते पेशाने वकील. पण ओंटारिओच्या उत्तर भागातल्या कोबाल्टच्या चांदीत आणि हॉलिंजरच्या सोन्याच्या खाणीत त्यांची भागीदारी होती आणि त्यातून ते गडगंज श्रीमंत झाले होते. व्याख्यानानंतर दोघांची ओळख झाली. पुढे काही घडण्याआधीच, १९२४ मध्ये, डनलॅप वारले.

चँट यांनी आशा सोडली नाही. त्यांनी डनलॅप यांच्या पत्नी जेसी यांच्यापुढे पतीचे स्मारक म्हणून वेधशाळेची कल्पना मांडली आणि त्यांनी ती उचलून धरली. शहराच्या उत्तरेला, त्या काळच्या निव्वळ शेतीच्या मुलखात, पावणेदोनशे एकरांच्या आसपास जमीन घेतली गेली. चौऱ्याहत्तर इंच, म्हणजे १.८८ मीटर व्यासाचा आरसा १९३३ साली न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्निंगच्या कारखान्यात पायरेक्स काचेत ओतला गेला. तो अटलांटिकपार इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला गेला, तिथे ग्रब पार्सन्स कंपनीने त्याला घासून अचूक आकार दिला आणि दुर्बीणही बनवली. मग तो पुन्हा समुद्र ओलांडून इकडे आला. ३१ मे १९३५ रोजी, चँट यांच्या सत्तराव्या वाढदिवशी, वेधशाळेचे उद्घाटन झाले आणि त्याच वर्षी ते निवृत्त झाले. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते यंत्र वापरायची पाळी आली तेव्हा त्यांची नोकरी संपली होती. पण ते कुठे गेले नाहीत. आवारातल्या जुन्या शेतघरात ते राहायला आले आणि १९५६ मध्ये वारले तोवर तिथेच राहिले.

घुमटाच्या आत

गेल्या उन्हाळ्यात आम्ही एका शनिवारी संध्याकाळी तिथे गेलो. टोरांटोच्या हवेने आपला लौकिक राखला. आभाळ भरून आले होते. त्यामुळे तारे पाहायला मिळाले नाहीत, पण स्वयंसेवक मार्गदर्शकाला बोलायला भरपूर वेळ मिळाला.

आधी दगडी बांधणीची कार्यालयाची इमारत लागते. तिच्या छपरावर तीन छोटे घुमट आहेत. मोठा घुमट वेगळा आहे. त्याचा व्यास एकसष्ट फूट. आत शिरल्यावर डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला थोडा वेळ लागतो आणि मग दुर्बिणीचा पोलादी सांगाडा दिसू लागतो. आपल्या मनात दुर्बीण म्हणजे एक नळी असते. इथे उभे राहिल्यावर एखाद्या जहाजाच्या इंजिनखोलीत आल्यासारखे वाटते. मोटर सुरू झाली आणि घुमट फिरू लागला तेव्हा माझ्या मुलीने कठडा घट्ट धरला. घुमट नव्हे, आपल्या पायाखालची जमीनच फिरते आहे असा भास होतो.

मी अभियांत्रिकीचा माणूस; डॉक्टरेटही त्यातलीच. पोट मात्र सॉफ्टवेअरवर चालते. माझे लक्ष त्या यंत्राच्या आकारापेक्षा ते कशासाठी वापरले गेले याकडे जास्त गेले. चौऱ्याहत्तर इंची आरसा म्हणजे सुंदर छायाचित्रे, असे आपण समजतो. पण या दुर्बिणीचे मुख्य काम होते वर्णपटाचे. ताऱ्याचा प्रकाश गोळा करायचा, तो लोलकातून जावा तसा पसरवायचा आणि त्यातल्या काळ्या रेषा नेमक्या कुठे आहेत ते मोजायचे. तारा आपल्याकडे येत असेल तर रेषा निळ्या बाजूला सरकतात, दूर जात असेल तर लाल बाजूला. आगगाडी जवळ येताना शिट्टी बारीक वाजते आणि पुढे गेल्यावर जाड होते, तसाच हा प्रकार. या पद्धतीने, तारा जागचा हललेला डोळ्यांना दिसत नसला तरी त्याचा वेग कळतो.

या एका युक्तीवर इथले सर्वांत गाजलेले काम उभे आहे. १९७० च्या अखेरीस केनियाच्या किनाऱ्यावरून उहुरू नावाचा उपग्रह सोडला गेला. हंस तारकासमूहातून येणाऱ्या क्ष-किरणांच्या एका प्रखर उगमाचे त्याने बारकाईने निरीक्षण केले. त्या उगमाचे नाव सिग्नस एक्स-१. त्याच जागी एक मोठा निळा तारा होता. टॉम बोल्टन हे तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे संशोधक होते. १९७१ मध्ये त्यांनी या चौऱ्याहत्तर इंची दुर्बिणीतून त्या ताऱ्याचे वर्णपट घ्यायला सुरुवात केली. तारा दर ५.६ दिवसांनी एक फेरी मारत होता, पण कोणाभोवती? जोडीदार दिसतच नव्हता. वेगावरून हिशेब केला तर त्या न दिसणाऱ्या वस्तूचे वजन इतके भरत होते की ती साधा मृत तारा असणे शक्य नव्हते. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये लुईस वेब्स्टर आणि पॉल मर्डिन यांनी स्वतंत्रपणे हेच शोधले होते. दोन्ही निबंध १९७२ च्या सुरुवातीला 'नेचर'मध्ये आले. कृष्णविवर ही तोवर कागदावरची कल्पना होती. तिचा पहिला सबळ उमेदवार असा सापडला. स्टीफन हॉकिंग यांनी १९७४ मध्ये किप थॉर्न यांच्याशी, ते कृष्णविवर नाही अशी पैज लावली होती. १९९० मध्ये त्यांनी ती हरल्याचे मान्य केले.

यात एक गोष्ट सहज नजरेआड होते. १९७१ साली रिचमंड हिलचे आकाश काळेभोर राहिलेले नव्हते. टोरांटोचा उजेड तोवर उत्तरेकडे सरकला होता. अंधुक दीर्घिकांचे फोटो घेणे अवघड झाले होते. पण तुलनेने तेजस्वी ताऱ्याचा प्रकाश पसरवून रेषा मोजायच्या असतील तर उजळ आकाश फार आड येत नाही. जे जमत नाही ते सोडून, जे जमते ते उत्तम करायचे या धोरणावर ही वेधशाळा आणखी काही दशके टिकली.

दुसरे नाव हेलन सॉयर हॉग यांचे. त्या १९३५ मध्ये पती फ्रँक हॉग यांच्याबरोबर व्हिक्टोरियाहून इथे आल्या. व्हिक्टोरियाच्या वेधशाळेत त्या बिनपगारी काम करत होत्या. रात्रीच्या निरीक्षणाच्या वेळी तान्ही मुलगी घुमटातच टोपलीत झोपलेली असे. इथे त्यांनी गोलाकार तारकागुच्छांची दोन हजारांहून अधिक छायाचित्रे घेतली आणि त्या गुच्छांतल्या, तेज कमीजास्त होणाऱ्या ताऱ्यांच्या याद्या केल्या. पहिली यादी १९३९ ची, दुसरी १९५५ ची, तिसरी १९७३ ची. १९५१ मध्ये पती वारले. त्यानंतर तीस वर्षे त्यांनी 'टोरांटो स्टार'मध्ये आकाशावरचे सदर चालवले. १९९३ मध्ये त्या गेल्या. टोरांटोच्याच क्रिस्टीन क्लेमेंट यांनी ती यादी पुढे चालवली आणि आज जगभरचे खगोलशास्त्रज्ञ संगणकावर ती वापरतात. इतक्या चांगल्या 'बॅकअप'ची उदाहरणे आमच्या धंद्यातही फारशी नाहीत.

फेरी संपताना एका गृहस्थांनी विचारले, शहर वाढणार हे १९३५ सालच्या लोकांना कळले कसे नाही? प्रश्न रास्त होता. कारण टोरांटोने आपली एक वेधशाळा याआधीच एकदा पळवून लावली होती.

एकच हुकूम, दोन शहरे

१८३० च्या दशकात युरोपातल्या शास्त्रज्ञांना एका कोड्याने पछाडले होते. होकायंत्राची सुई स्थिर नसते. दिवसभरात ती किंचित डोलते, आणि मधूनच काही तास वेड्यासारखी थरथरते. ही 'चुंबकीय वादळे' सगळीकडे एकाच वेळी येतात का? जर्मनीत गाउस आणि वेबर यांनी गटिंगेनला मोजणी सुरू केली होती. हुम्बोल्ट यांनी १८३६ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहून ब्रिटिश साम्राज्यभर अशी केंद्रे काढायची गळ घातली. तोफखान्यातले अधिकारी एडवर्ड सबाइन यांनी सरकारच्या मागे लागून ते घडवून आणले. सरकारने टोरांटो, सेंट हेलेना, केप ऑफ गुड होप आणि टास्मानियातले होबार्ट ही ठिकाणे घेतली. ईस्ट इंडिया कंपनीने मद्रास, सिमला, सिंगापूर आणि मुंबई.

टोरांटोत १८३९ च्या हिवाळ्याच्या तोंडावर लेफ्टनंट रिडेल दाखल झाले. १८४० मध्ये, आज जिथे विद्यापीठ आहे त्या जागेवर, त्यांची लाकडी ओंडक्यांची वेधशाळा तयार झाली. लोखंडाचा सुईवर परिणाम होतो, म्हणून अशा इमारतीत लोखंडाला मज्जाव असे. १८४१ मध्ये मुंबईच्या कुलाब्याला हेच काम सुरू झाले. तिथे वेधशाळा आधीपासून होती. १८२६ मध्ये कंपनीने ती उभारली होती ती ताऱ्यांचे वेध घेऊन अचूक वेळ ठरवण्यासाठी, कारण बंदरातल्या जहाजांना आपली घड्याळे त्या वेळेशी लावून घ्यायची असत. घड्याळ चुकले की समुद्रात रेखांश चुकतो आणि जहाज खडकावर जाते.

हे सगळे ताऱ्यांच्या अभ्यासापासून दूर वाटेल, पण त्या काळी आकाश, घड्याळ, हवामान आणि चुंबकसुई हे सगळे एकाच छपराखाली नांदत असे. या जाळ्यातल्या वेधशाळांनी दर दोन तासांनी, नंतर दर तासाला, रात्रंदिवस सुईची नोंद करायची असे. महिन्यातून एक ठरावीक दिवस चोवीस तास दर काही मिनिटांनी नोंद घ्यायची आणि तीही गटिंगेनच्या घड्याळाप्रमाणे, म्हणजे सर्व ठिकाणी एकाच क्षणी. टोरांटोत बर्फात कंदील घेऊन एक शिपाई सुईकडे पाहतो आहे आणि त्याच क्षणी पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाला दुसरा कोणी दुसऱ्या सुईकडे, हे चित्र मला फार आवडते. इंटरनेटच्या दीडशे वर्षे आधीचे हे जाळे होते.

कुलाब्याला सुईकडे पाहणाऱ्यांत आपली माणसे होती. एल्फिन्स्टनमधले प्राध्यापक ऑर्लेबार यांनी काम सुरू केले. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर यांच्याकडे काही काळ वेधशाळेचा कारभार होता. याच दशकात 'बॉम्बे टाइम्स'चे संपादक जॉर्ज ब्यूस्ट यांनीही तो सांभाळला. वर्तमानपत्राचे दोन संपादक आणि चुंबकसुई, असा हा योग. त्यांच्याच काळात पंधरा-सोळा वर्षांचा एक मुलगा तिथे सहायक म्हणून लागला आणि सुमारे दहा वर्षे राहिला. अलिबागजवळच्या नागावचा तो मुलगा म्हणजे पुढे रावबहादूर झालेले केरो लक्ष्मण छत्रे. 'ग्रहसाधनाची कोष्टके' लिहिणारे, पंचांगशुद्धीसाठी झटणारे आणि डेक्कन कॉलेजात टिळकांना गणित शिकवणारे केरूनाना. त्यांचे पहिले विद्यापीठ कुलाब्याची रात्रपाळी होते म्हटले तरी चालेल.

या रात्रपाळ्यांचे फळ काय? सबाइन यांनी टोरांटो आणि होबार्ट येथल्या नोंदी एकत्र मांडल्या तेव्हा १८५२ मध्ये त्यांना दिसले की चुंबकीय वादळे काही वर्षे वाढतात, काही वर्षे घटतात, आणि हे चक्र सूर्यावरच्या डागांच्या चक्राशी जुळते. नऊ कोटी मैलांवरच्या सूर्याची चाहूल टोरांटोतल्या एका लाकडी खोलीतल्या सुईला लागत होती.

ट्राम आली

टोरांटोत लाकडी इमारतीच्या जागी १८५५ मध्ये दगडी इमारत आली. १८७१ मध्ये कॅनडाची हवामान सेवा इथूनच सुरू झाली. आणि १८९२ मध्ये रस्त्यांवर विजेची ट्राम धावू लागली. ट्रामचा प्रवाह रुळांतून परत जातो, पण सगळा नाही. काही जमिनीत झिरपतो. त्या भटक्या प्रवाहाने सुई हलू लागली. आता नोंदवहीत सूर्य उतरत होता की ट्रामचे वेळापत्रक, हे सांगता येईना. १८९८ मध्ये चुंबकीय काम तेव्हाच्या दूरच्या खेड्यात, अॅजिनकोर्टला हलवले. होय, तेच अॅजिनकोर्ट, जिथे आज आपण इडलीचे पीठ आणि आंबे आणायला जातो. रिकाम्या झालेल्या दगडी इमारतीचे दगड १९०७-०८ मध्ये उतरवून विद्यापीठाच्या आवारातच दुसरीकडे पुन्हा रचले गेले. पुढे अनेक वर्षे तिचा वापर विद्यार्थी संघटनेने केला.

मुंबईत हीच पाळी थोडी उशिरा आली, आणि तिथे एक दूरदृष्टीचा माणूस होता. नानाभाई अर्देशर फ्रामजी मूस हे कुलाब्याचे पहिले भारतीय संचालक. मुंबईत विजेच्या ट्राम येणार हे ठरताच त्यांनी नवी जागा शोधली. मुंबईपासून सुमारे तीस किलोमीटरवरचे अलिबाग, केरूनानांच्या गावाशेजारचे. चुंबकीय गुण नसलेला दगड पारखून तिथे इमारत बांधली आणि १९०४ मध्ये नोंदी सुरू केल्या. पण कुलाबा लगेच बंद केले नाही. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजणी चालू ठेवली, म्हणजे जुने आकडे आणि नवे आकडे यांच्यातला फरक नेमका कळावा आणि १८४१ पासूनची मालिका तुटू नये. मुंबईत पहिली विजेची ट्राम मे १९०७ मध्ये धावली.

सॉफ्टवेअरमधल्या मंडळींना हे ओळखीचे वाटेल. जुनी प्रणाली काढून नवी बसवायची असेल तर काही काळ दोन्ही शेजारी शेजारी चालवायच्या आणि उत्तरे जुळतात का ते पाहायचे, हा आमचा पहिला धडा. तो धडा एका पारशी शास्त्रज्ञाने संगणकाच्या कितीतरी आधी, अलिबागच्या नारळी-पोफळीत गिरवला. अलिबागची नोंद आजही चालू आहे आणि कुलाब्यासह ती जगातल्या सर्वांत लांब चुंबकीय मालिकांपैकी एक आहे.

पुण्याची दुर्बीण

याच्या उलट उदाहरणही आपल्याकडेच आहे. कावसजी दादाभाई नायगमवाला हे एल्फिन्स्टनमधले तरुण अध्यापक. १८८२ मध्ये त्यांनी भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्याकडून पाच हजार रुपयांची देणगी मिळवली. सरकारनेही भर घातली. १८८८ मध्ये पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे ज्याला आपण इंजिनिअरिंग कॉलेज म्हणतो तिथे, महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली. तिची वीस इंची ग्रब दुर्बीण तेव्हा भारतात सर्वांत मोठी होती. म्हणजे चँट यांच्या कितीतरी आधी, तशाच एका प्राध्यापकाने, तशाच एका देणगीदाराच्या आधारावर तसेच काम केले होते. दोन्ही दुर्बिणींवर ग्रब हे नावही समान. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाला सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला जगभरचे शास्त्रज्ञ जमले. तिथे नायगमवालांनी आपला तळ टाकून निरीक्षणे केली.

१९१२ मध्ये ते निवृत्त झाले आणि त्याबरोबर वेधशाळाही बंद करण्यात आली. यंत्रे कोडाईकनालला गेली. तिला ना शहराच्या उजेडाने मारले ना ट्रामने. मागे कोणी तयारच केले नव्हते. पुण्याला पुन्हा खगोलशास्त्राचे मोठे केंद्र मिळाले ते ही वेधशाळा उभी राहिल्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी. १९८८ मध्ये जयंत नारळीकरांनी 'आयुका' स्थापन केली. त्या संस्थेने स्वतःची दोन मीटरची दुर्बीण २००६ मध्ये सुरू केली ती पुण्यात नव्हे, ऐंशी किलोमीटर दूर गिरवलीला. शहराचा धडा तोवर पाठ झाला होता.

म्युझियम झाल्यावर

आता पुन्हा रिचमंड हिलला येऊ. टोरांटो विद्यापीठानेही तो धडा घेतला होता. १९७१ पासून चिलीतल्या लास कँपानासच्या डोंगरावर त्यांची चोवीस इंची दुर्बीण होती. फेब्रुवारी १९८७ मध्ये त्याच डोंगरावर असताना विद्यापीठाचे निरीक्षक इअन शेल्टन यांना तो प्रसिद्ध अतिनवतारा सापडला. चांगले आकाश दक्षिणेला, शिकवणे आणि मोजके वर्णपट इथे, अशी वाटणी झाली. रिचमंड हिलने १९९५ मध्ये वेधशाळेला जपण्यासाठी रस्त्यावरच्या व घरांच्या दिव्यांवर मर्यादा घालणारा नियम केला. पण भोवती वस्ती वाढतच गेली आणि जमिनीची किंमत तर त्याहून वेगाने. २००८ मध्ये विद्यापीठाने सारी जागा सात कोटी डॉलर्सना एका बांधकाम कंपनीला विकली. देणगीच्या अटींवरून डनलॅप यांच्या वारसांशी वाद झाला आणि मिटला. त्या पैशांतून विद्यापीठात डनलॅप यांच्याच नावाची खगोलशास्त्र संस्था निघाली.

स्थानिक रहिवासी आणि हौशी खगोलप्रेमी मात्र गप्प बसले नाहीत. रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या टोरांटो शाखेच्या स्वयंसेवकांनी २००९ मध्ये दुर्बीण लोकांसाठी पुन्हा चालू केली. अनेक वर्षांच्या सुनावण्यांनंतर जमिनीचा काही भाग घरांसाठी गेला, बराचसा उद्यान म्हणून राहिला आणि २०१९ मध्ये वेधशाळेला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला.

यात खलनायक कोण, हे ठरवणे सोपे नाही. विद्यापीठाला मोडीत निघालेल्या आकाशापेक्षा चालू संशोधन महत्त्वाचे वाटले, आणि त्याचा हिशेब चुकीचा म्हणता येत नाही. जेसी डनलॅप यांनी शेतात दिलेली जमीन आता शेतात राहिली नव्हती, आणि ती शेते घरांनी भरली ती आपल्यासारख्यांच्याच. आमचे घर तिथून गाडीने दहा मिनिटांवर आहे. पोर्चचा दिवा आम्हीही लावतो. चांगल्या शाळा आणि चार खोल्यांचे घर शोधत आलेली हजारो कुटुंबे आणि तो काळा घुमटावरचा अंधार, यांत कोणीतरी एकाने माघार घ्यायची होती.

पण मूस आणि नायगमवाला यांच्याकडे पाहिले की एक फरक स्पष्ट होतो. शहर येणारच असते. ते यायच्या आधी कोणी काय हलवले आणि कोणाच्या हाती दिले, यावर पुढचे ठरते. अलिबागची मालिका टिकली कारण जुने बंद होण्याआधी नवे उभे होते. हेलन हॉग यांची यादी टिकली कारण ती पुढे चालवणारे कोणीतरी तयार होते. पुण्याची वेधशाळा बुडाली कारण ती एका माणसाच्या सेवापुस्तकाला बांधलेली होती. रिचमंड हिलची दुर्बीण आज म्युझियममध्ये असली तरी चालू स्थितीत आहे, ती काही स्वयंसेवकांनी किल्ल्या हातात घेतल्यामुळे.

म्हणून वाचकांना एक सुचवावेसे वाटते. उन्हाळ्यातल्या कार्यक्रमांची तिकिटे काढा आणि मुलांना घेऊन जा, विशेषतः हायस्कूलमधल्या. ती स्वयंसेवक मंडळी बहुतेक निवृत्तीच्या वयाची आहेत आणि घुमट फिरवायला, आरसा राखायला, लोकांना समजावून सांगायला त्यांना तरुण हात लागतात. हायस्कूलच्या मुलांना इथे चाळीस तास समाजसेवा करावीच लागते. ती कुठे करायची हा प्रश्न आपल्या घरांतून दर वर्षी निघतो. केरूनाना कुलाब्याला रात्रपाळी करू लागले तेव्हा त्याच वयाचे होते.